गाव रिकामा करताना

माझं शेवटचं पोस्टिंग आचरा. त्याची ऑर्डर मी स्वतःच काढली. आर्मी सर्व्हिस कोअरमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले, तेव्हा पुढे कुठे राहायचं हे सांगणारं वर कुणी उरलं नव्हतं. मी मूळची जामसंड्याची, वडील शाळेत शिक्षक. आचऱ्यातलं मामांचं घर बंद पडलं होतं आणि मामेभावांना ते ठेवायचं नव्हतं. मी घेतलं.

लोक मला लढाईबद्दल विचारतात. मी लढाई केलेली नाही. मी सामान पोचवलं. पीठ, रॉकेल, गरम मोजे, कधी टपाल. सैन्यात लढणारे असतात तसे त्यांच्यापर्यंत पोचणारेही असतात. माझी सगळी नोकरी दुसऱ्या प्रकारात गेली. त्यामुळे घर हलवणं ही गोष्ट मला कामासारखीच येते.

क्वार्टर सोडून देण्याला आमच्याकडे 'मार्चिंग आउट' म्हणतात. तुम्ही रिकाम्या खोल्यांत उभे राहता आणि एक माणूस नळ, बल्ब, खिडक्यांच्या काचा, पंख्याची पाती तपासत फिरतो. फुटकी काच भरून द्यायची, भिंतीतला खिळा काढून भोक बुजवायचं. आपण इथे राहिलो होतो याची खूण ठेवायची नाही. सामान काळ्या ट्रंकांत. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि रँक. बढती झाली की जुनी रँक खरवडून नवी घालायची. माझ्या ट्रंकांवर लेफ्टनंटपासूनचे सगळे थर आहेत.

सामान भरण्याचा माझा एक नियम आहे. शेवटी चढेल ती पेटी पहिली उतरेल, आणि तिच्यात किटली, चहा-साखर, दोन कप, बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, दोरी आणि टॉर्च. नव्या घरात पोचल्यावर अर्ध्या तासात चहा झाला पाहिजे. चहा झाला की माणसं भांडत नाहीत. हे मी ज्युनिअर अधिकाऱ्यांना शिकवलं आहे आणि त्यांच्या बायकांनी मला दुवा दिला आहे.

आचऱ्यात ट्रक आला तेव्हा चहा वेळेवर झाला. बाकीचं वेळेवर झालं नाही. पडदे खिडक्यांना आखूड पडले. खाऱ्या हवेने महिन्याभरात ट्रंकांच्या कड्या गंजल्या. पुस्तकांच्या खोक्याला खालून वाळवी लागली, ती मी उशिरा पाहिली. विहिरीवरचा पंप बिघडला तेव्हा दुरुस्तीवाला "फाल्यां येतंय" म्हणाला. फाल्यां म्हणजे उद्या. त्याचा उद्या आठवड्याने आला. मी जामसंड्याची असूनही इतकी वर्षं बाहेर राहून हे विसरले होते.

शेजारचं घर आनंदीकाकींचं. पहिल्याच दिवशी त्या कुंपणापाशी येऊन ट्रंका मोजत उभ्या राहिल्या.

"इतक्याच सामान? इतकी वर्सा नोकरी केलंस, सरकारान तुका काय्येक दिल्यान नाय?"

"पेन्शन दिल्यान, काकी."

"पेन्शनीर भात शिजवतलंस? भांडी खंय आसत?"

संध्याकाळी त्यांनी एक पितळी टोप आणून दिला. परत घेतला नाही.

काकींचं घर शेजारी आहे हे मला घर घेताना माहीत होतं. त्यांचा मुलगा, नाईक दिगंबर परब, माझ्या डिटॅचमेंटमध्ये होता. पूर्वेकडच्या एका नदीच्या पुरात तो गेला. देह मिळाला नाही. त्याची ट्रंक घेऊन मी स्वतः आचऱ्याला आले होते, तेव्हा मी कॅप्टन होते. काकी आतल्या खोलीत होत्या. पडवीत त्यांचे दीर बसले होते. मी सगळं त्यांना सांगितलं, त्यांनी हात जोडले, मी परत गेले. त्यांच्या शेजारी राहायला मिळावं म्हणून मी घर घेतलं असं कुणी लिहू नये. घर स्वस्त होतं आणि विहिरीला पाणी होतं. शेजार पाहून नको म्हणावं असंही काही नव्हतं.

मी आल्यापासून काकींनी दिगंबरचं नाव माझ्यासमोर काढलं नाही. मीही काढलं नाही. आम्ही पंप, नारळ आणि मांजरांबद्दल बोलायचो.

थंडीच्या सुरुवातीला कळलं की ग्रामदैवत रामेश्वराने कौल दिला. यंदा गावपळण.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आचऱ्यात काही वर्षांनी एकदा सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. वेशीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी घालून लोक राहतात. म्हातारीकोतारी, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी बरोबर. चुली विझवायच्या, दिवा ठेवायचा नाही, गावातल्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतात आणि देवाने दिला तर गाव भरतो. कारण विचाराल तर दहा माणसं दहा सांगतात. कुणी म्हणतं त्या दिवसांत गाव देवाच्या हवाली असतो. कुणी म्हणतं गेलेली माणसं आपापली घरं बघून जातात. मला या बाबतीत मत नाही. मला एवढं दिसलं की हजारो माणसं एका दिवसात, एकाही लेखी ऑर्डरशिवाय हलणार आहेत, आणि त्याने माझा उत्साह वाढला.

मी तयारीला लागले. गाड्या किती, फेऱ्या किती, कोणतं सामान आधी, कोणतं नंतर. आमच्या वाडीची व्यवस्था आबांकडे होती. आबा वाडीतले ज्येष्ठ, देवळातले मानकरी, कमरेला कायम टॉवेल. मी त्यांना माझा आराखडा समजावला. त्यांनी तो शांतपणे ऐकला.

"कर्नलीणबाय, ह्या काय लढाईर जावचा नाय. तीन दिवस रानात जेवचा, गजाली मारूच्यो, आणि घराक येवचा."

"आबा, इतकी माणसं हलवायची म्हणजे..."

"माणसा आपली आपण हलतत. तुमी फक्त तुमच्या घराक कुलूप लावा."

काकींची पुतणसून सुनंदा त्यांच्याच आवारात वेगळ्या घरात राहते. ती माझ्या सामानाचा ढीग बघून हसून खाली बसली.

"ताई, ह्या कपाट कित्या बांधलास?"

"कपडे आहेत त्यात."

"कपडे घेवा. कपाट खंय पळतला? पळूचा ता आमका."

कपाट सोडलं. टेबल सोडलं. शेवटी माझं सामान एका ट्रंकेत आणि त्या चहाच्या पेटीत मावलं. माझ्याआधी सुनंदाचं सगळं घर टेम्पोत चढलं होतं. चटया, भांडी, तांदूळ, झाकणाच्या टोपलीत कोंबड्या, दोरीला शेळी, आणि दप्तर न घेता निघाल्यामुळे खूश असलेल्या तिच्या दोन मुली. मांजर पिशवीत. पिशवीला श्वासापुरतं भोक. या बाया पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या आहेत. त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली. कॉन्व्हॉय निघाला की ठरलेल्या ठिकाणी मोजणी घ्यायची, हा आमचा नियम. गाडीत बसताना मोजलेली माणसं धरायची नाहीत. तिथे पोचून उतरलेली धरायची. माळावर पोचल्यावर मी आमच्या वाडीची माणसं घरवार मोजली. आबा म्हणाले, "मोजा, मोजा. सवय जावची नाय तुमची." लोक हसले. मी मोजत राहिले.

एक माणूस कमी होता.

पुन्हा मोजलं. कमीच.

"आनंदीकाकी कुठे?"

"सुनंदाच्या टेम्पोत," आबा म्हणाले.

सुनंदा खोपीतून डोकं काढून म्हणाली, "नाय ओ. माका म्हणाली, मी आबांच्या गाडयेतसून येतंय."

"माका म्हणाली, सुनंदावांगडा जातंय," आबा म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोन गाड्या, एक माणूस, आणि प्रत्येक गाडीला वाटतं तो दुसरीत आहे. हा प्रकार मी नोकरीत अनेकदा पाहिला होता. बहुतेक वेळा चुकून होतो. इथे चुकून झाला नव्हता. काकींनी दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या.

आबांचा चेहरा उतरला. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. गावात एक माणूस राहिला तर गाव रिकामा झाला नाही. मग एवढ्या लोकांनी घरं सोडली ती फुकट, आणि पुढे कुणाचं काहीही वाईट झालं, गाय मेली, होडी बुडाली, तरी बोट त्या म्हातारीकडे जाणार. गावात तिला मरेपर्यंत ते ऐकावं लागलं असतं.

"देवळात नौबत वाजली. वेस ओलांडली," आबा म्हणाले. "आता कोण फाटी फिरतला?"

फाटी म्हणजे मागे. सुनंदा रडायला लागली. तिचा नवरा मोजणी झाल्यावर माळाच्या टोकाला गुरं बांधायला गेला होता.

"सूर्य बुडेपर्यंत चालतं का?" मी विचारलं.

आबांनी पश्चिमेकडे पाहिलं. "बुडाच्या आत भायर इलास तर देवाक सांगू आपण. गाऱ्हाणा घालू."

"स्कूटर द्या कुणीतरी."

"तुमी नवीन, कर्नलीणबाय. तुमका ह्यातला..."

"आबा, वाद मी परत आल्यावर घालू."

रिकामा गाव मी यापूर्वी पाहिला आहे, पण तो गोळीबाराने रिकामा झाला होता. हा तसा नव्हता. दारं नीट ओढून घेतलेली. अंगणं झाडलेली. दुकानाच्या फळीवर दुकानदाराने चपला विसरलेल्या. कुत्रा भुंकत नव्हता, कोंबडा नव्हता, कुणाच्या घरात टीव्ही चालू नव्हता. समुद्राचा आवाज गावाच्या आतपर्यंत येत होता. इतर वेळी तो ऐकू येत नाही.

काकींच्या घराचं पुढचं दार बाहेरून बंद. मागचं आतून अडकवलेलं. मी हाक मारली. उशिराने कडी निघाली.

काकी विझवलेल्या चुलीजवळ बसल्या होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. जवळ पाण्याची कळशी, भाताचा टोप, तेलाची बाटली. तीन दिवसांची तयारी.

"तू इलंस? माका वाटला आबा येतलो."

"चला काकी. सूर्य बुडाक इलो."

"मी येवचंय नाय. तू जा."

"गाव बोल लावतलो तुमका."

"लावूंदे. मी किती दिवस ऐकतलंय?"

मी खाली बसले. उभ्याने केलेल्या बोलण्याचा म्हाताऱ्या माणसांवर उपयोग होत नाही.

"कित्या रवतास ता तरी सांगा."

त्या चुलीकडे बघत बोलल्या.

"ह्या तीन दिवसांत गेलली माणसा गावात येतत, म्हणतत. खरा-खोटा देवाक म्हायत. माझ्या दिगूचा काय इला? एक ट्रंक इली. येतलो तर तो आताच येतलो, गाव रिकामो असताना. फाटल्या पळणीक भावजी होते, तेंनी माका रवाक दिल्यान नाय. आता ते नाय. माका तेका एकच इचारूचा आसा."

"काय?"

"सगळे वर पोचलेले. तोय पोचललो. मगे फाटी कित्या फिरलो? भावजी म्हणाले, कायतरी सामान विसरलो असतलो. लोकाय तसाच म्हणतत. घड्याळ विसरलो, पैसे विसरलो. माझो दिगू सामानाक फिरणारो नव्हतो गो. पण मगे कित्या फिरलो?"

मी भावजींना काय सांगितलं होतं ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. त्यातलं काकींपर्यंत 'वर पोचललो, फाटी फिरलो, पाण्यात गेलो' एवढंच पोचलं होतं. मधली जागा गावाने भरून काढली होती.

"ता माका इचारा," मी म्हटलं. "मी थय होतंय."

मग मी सांगितलं. इथे ते जसं घडलं तसं लिहिते.

आमचा कॅम्प नदीच्या काठावरच्या एका सपाट जागेवर होता. जागेचं नाव लिहायची गरज नाही. तिथून वरच्या चौक्यांना रेशन जायचं, रस्ता संपला की खेचरांवरून. नाईक परब खेचरांच्या तुकडीत होते. सकाळी उठून खरारा, दाणा, पाणी, खोगीर, मग चढण. संध्याकाळी उतरून पुन्हा तेच. कंटाळवाणं काम होतं आणि ते कंटाळवाणं राहणं हेच त्याचं यश. परब ड्यूटीवर हिंदी बोलायचे. मी जामसंड्याची हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी ओळखीचा फायदा कधी घेतला नाही.

त्या दुपारी वरच्या खोऱ्यात डोंगर घसरून नदी तुंबल्याचा निरोप आला. बांध फुटला तर कॅम्प जाणार हे उघड होतं. मी ऑर्डर दिली. सामान सोडा, माणसं आणि जनावरं वरच्या पठारावर. अर्ध्या तासात सगळे वर होते. मी मोजणी घेतली. माणसं पूर्ण. खेचरं तीन कमी.

परब पुढे आले. "मॅडम, तीन जानवर सिक लाइन में बंधे हैं."

सिक लाइन म्हणजे आजारी जनावरांची जागा. ती स्टोअरच्या मागे, वेगळी होती. रोजच्या तुकड्यांनी आपापली जनावरं सोडून आणली होती. आजारी जनावरं कुणाच्याच तुकडीत नव्हती.

मी पुलावरच्या चौकीला रेडिओवर विचारलं. "पाणी कुठे? ओव्हर."

"खांबावरच्या लाल खुणेच्या खाली. चढतंय. ओव्हर."

"खूण बुडाली की कळवा. आउट."

परब तसेच उभे होते. मग ड्यूटीवर पहिल्यांदा ते मालवणीत बोलले. आवाज हळू होता.

"म्याडम, आमच्या गावात गाव सोडताना कोंबोसुद्धा फाटी ठेवनत नाय."

मी गावपळणीबद्दल ऐकून होते. ते काय म्हणतात ते मला कळलं. मी म्हटलं, दोघे जा. शिटी ऐकली की जे हातात असेल ते सोडून वर. ते आणि एक शिपाई उतरले. परवानगी मी दिली. त्या वेळी जेवढी माहिती होती, तिच्यावर आजही तीच देईन.

काकी ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "बांधलेली होती?"

"होय. बांधलेली."

"सोडूक कोणीच नाय?"

"कोणीच नाय. म्हणान तो फिरलो."

त्यांनी तेलाची बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि पुन्हा खाली ठेवली. बाहेर ऊन पिवळं झालं होतं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण वेळ संपत आली होती हे मला कळत होतं. ओढून नेणं शक्य होतं. त्यांचं वजन एका गोणीपेक्षा जास्त नसेल. मी ते केलं नाही.

"म्हणजे कोण फाटी रवला, तर तो फिरतलो," त्या म्हणाल्या.

मी कळशी बाजूला सरकवली.

"मी हय एकटी रवलंय..." त्या थांबल्या. मग चुलीला हात टेकून उठल्या. "तर तेका परत फिराक लागतला. माझ्यासाठी."

त्यांनी भाताचा टोप उचलला. "ह्यो घे. वाया कित्या घालवूचो? कुलूप खिळ्यार आसा. बगतंस काय? चल, सूर्य बुडतासा."

स्कूटरवर मागे बसताना त्यांनी माझ्या खांद्यात बोटं रोवली. "हळू चालय गो. मी अजून जिती आसय."

वेस ओलांडली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. आबा रस्त्यातच उभे होते. मी त्यांना मोजणी पूर्ण झाल्याचं सांगितलं. ते मला हसले नाहीत. त्यांनी नारळ हातात घेतला, देवळाच्या दिशेला तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं. म्हातारी चुकली असेल, ह्या बाईचं पाऊल फाटी पडलं असेल, ता सगळा पदरात घे महाराजा. जमलेले लोक म्हणाले, "होय महाराजा." पुरुषांचा आवाज मोठा होता. मीही म्हटलं. का म्हटलं ते सांगता येत नाही, पण मोठ्याने म्हटलं.

तीन दिवस बरे गेले. मी इतकी माणसं इतक्या कमी तक्रारींत कुठल्याच कॅम्पमध्ये पाहिली नाहीत. खाडीत मासे धरले, पत्ते झाले, भजन झालं. चहाची पेटी कामाला आली आणि तिच्याबद्दल माझी पहिल्यांदा स्तुती झाली. सुनंदाच्या मांजराने दुसऱ्याच्या खोपीतला बांगडा पळवला, त्यावरून दोन घरांत दिवसभर बोलणं बंद होतं. काकी कोंबड्यांच्या टोपलीपाशी बसून असायच्या. कुणी काही टोचून बोललं तर उत्तर द्यायच्या नाहीत. एका बाईने "घरात काय पुरून ठेवलंस काय गो?" असं विचारलं, तेव्हा फक्त म्हणाल्या, "होता कायतरी. आता नाय." माझ्याकडे त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. मी वाट पाहिली. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी कौल झाला आणि गाव भरला. परत येणं जाण्यापेक्षा गडबडीचं होतं, नेहमीच असतं. जाताना सगळे एका वेळी निघतात, येताना प्रत्येकाला आपलंच घर आधी उघडायचं असतं. माझ्या घरात मुंग्यांनी साखरेचा डबा ताब्यात घेतला होता. मी ट्रंक उतरवली, पाणी भरलं, जमीन पुसली आणि काकींकडे गेले.

त्यांनी दारं-खिडक्या उघडल्या होत्या. सगळ्या खोल्या झाडून झाल्या होत्या. चूल शेणाने सारवून तिच्यावर दूध ठेवलं होतं. दिगंबरची काळी ट्रंक पडवीत उन्हाला काढली होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याचा नंबर, रँक, नाव. इतकी वर्षं कुलूप न काढलेली. आता ती उघडी होती आणि त्यातला लष्करी स्वेटर दोरीवर वाळत होता.

"बस," काकी म्हणाल्या. "च्या घेतलंस?"

"घेतलंय."

"परत घे."

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि उंबऱ्यावर बसल्या.

"तीन जनावरा म्हणालंस तू. वाचली ती?"

"दोन वाचली."

"आणि तिसरा?"

मी सांगितलं. पुलावरून निरोप आला की लाल खूण बुडाली. मी शिटी वाजवली. शिपाई दोन खेचरं घेऊन वर येत होता. परब त्याच्यामागे होते. त्यांच्या हातात तिसरं, पुढच्या पायाने लंगडणारं. मी दुसऱ्यांदा शिटी वाजवली. त्यांनी एक हात वर करून ऐकल्याचं सांगितलं. दुसऱ्या हातात दोर होता. तो त्यांनी सोडला नाही. खेचर थांबलं की ते थांबत होते, त्याच्या मानेला हात लावत होते, पुन्हा चालत होते. चढण सुरू होते तिथपर्यंत ते दोघं पोचले होते. मग पाणी आलं. मी पाहत होते. पाणी गेल्यावर तिथे चढणच नव्हती.

वाचलेल्या दोन खेचरांनी पुढे बरीच वर्षं वरच्या चौक्यांना रेशन नेलं. खेचरांच्या खुरावर नंबर डागलेला असतो. ते दोन नंबर मी बदलीनंतरही विचारत राहिले.

"ता तिसरा गावला?" काकींनी विचारलं.

"नाय. दोघांपैकी कोणीच नाय."

दूध वर आलं. त्या उठल्या, चूल मंद केली, दुधावर फुंकर मारली आणि परत येऊन बसल्या. त्यांची नजर दोरीवरच्या स्वेटरवर होती.

"म्हणजे तो एकटो नाय गेलो," त्या म्हणाल्या.

"नाय, काकी," मी म्हटलं. "एकटो नाय."